फ्रेट बदलावेत की राहू द्यावेत?

मिशिगन राज्यातल्या कॅलमझू गावात १९०२ साली गिब्सन कंपनी सुरू झाली ती मुख्यतः मँडोलिनसाठी. त्या काळात अमेरिकेला मँडोलिनचे वेड लागले होते. गावोगावी मँडोलिनचे वाद्यवृंद होते आणि एकेका वृंदाला दहा-वीस वाद्ये लागत. त्या कारखान्यातून पहिल्या दोन-अडीच दशकांत बाहेर पडलेली कितीतरी मँडोलिने आजही वाजत आहेत. लाकूड शाबूत आहे, आवाज वयाबरोबर मोकळा झाला आहे, फ्रेट, म्हणजे नेकवरच्या (मानेवरच्या) फिंगरबोर्डमध्ये आडवे बसवलेले धातूचे पडदे, मात्र झिजले आहेत. ते उपटून नवे बसवावेत की जसे आहेत तसे ठेवावेत, यावर वादक, कारागीर आणि संग्राहक यांचे अजून एकमत नाही. दोन्ही बाजूंकडे वजनदार कारणे आहेत. ती नीट तोलली तर निर्णय करता येतो, असे मला वाटते.

मँडोलिनला आठ तारा, दोन-दोनच्या चार जोड्या, व्हायोलिनप्रमाणे जी, डी, ए, ई अशा मिळवलेल्या. गिब्सनच्या मँडोलिनवर नटपासून (वरच्या टेकूपासून) ब्रिजपर्यंत (खालच्या टेकूपर्यंत) तारेची लांबी सुमारे ३५२ मिलिमीटर. इतक्या आखूड तारेला त्या स्वरावर आणायचे तर ताण भरपूर लागतो. आठ तारांचा मिळून तो ऐंशी किलोच्या आसपास जातो. तार पोलादाची आणि फ्रेट जर्मन सिल्व्हरचे, म्हणजे तांबे, निकेल आणि जस्ताच्या मिश्रणाचे. आपल्याकडे ज्याची ताटे-वाट्या होत तीच ही जात. पोलादापुढे हा धातू मऊ. बोटाने तार दाबली, सरकवली, त्यावर झरझर ट्रेमोलो वाजवला की फ्रेट कणाकणाने झिजतो.

जुने मँडोलिन खिडकीच्या तिरक्या उजेडात धरून पाहावे. पहिल्या पाच-सहा फ्रेटवर, ए आणि ई या जोड्यांच्या बरोबर खाली, शेजारी-शेजारी दोन बारीक चर पडलेले दिसतात. वरच्या फ्रेटवर चर नसतात, पण त्यांचा गोलवा गेलेला असतो. माथा सपाट झालेला आणि चमक आडवी पसरलेली. गोल माथ्याच्या फ्रेटवर तार एका रेषेत टेकते. माथा सपाट झाला की टेकण्याची जागा पुढे सरकते आणि सूर बदलतो. हिशेब सोपा आहे. टेकण्याची जागा ०.३ मिलिमीटर सरकली तर पहिल्या फ्रेटवर सूर दीड सेंटने हलतो, बाराव्यावर तीन सेंटने. शंभर सेंट म्हणजे एक अर्धस्वर, तेव्हा हा फरक किरकोळ वाटेल. गिटारवर तो एक वेळ खपूनही जाईल. मँडोलिनवर मात्र एकाच स्वरासाठी दोन तारा एकत्र वाजतात. जोडीतल्या एका तारेखालचा चर खोल आणि दुसरीखालचा उथळ असला की मोकळ्या वाजवताना तंतोतंत जुळलेल्या तारा दाबल्याबरोबर फाटतात. स्वर थरथरतो. वादक खुंट्या पिळत बसतो, पण दोष खुंटीत नसतो. वाद्य बेसूर आहे, म्हातारे झाले आहे, असे म्हणून पेटीत गेलेली कितीतरी मँडोलिने खरे तर एवढ्याच कारणाने गेलेली असतात.

म्हणून फ्रेट बदलणाऱ्यांची बाजू आधी मांडतो. फ्रेट हा झिजण्यासाठीच बसवलेला भाग आहे. तार बदलतो तसाच तोही कधीतरी बदलायचा, फक्त त्याचे आयुष्य तारेपेक्षा पुष्कळ मोठे. भारतीय वाद्यांत यावर वादच नाही. सरस्वती वीणेचे चोवीस पितळी पडदे मेणात बसवलेले असतात. मेण ढिले पडते, पडदे झिजतात, आणि काही वर्षांनी जाणता कारागीर सगळे काढून पुन्हा सुरात लावून देतो. त्यामुळे वीणेचे जुनेपण उणावले असे कोणी म्हणत नाही. सतारीचे पडदे तर दांडीला बांधलेलेच असतात. युरोपातही ज्या वाद्यांना सर्वांत जास्त मान आहे त्यांची कहाणी हीच आहे. स्ट्राडिवारीने १७३७ च्या आधी केलेल्या जवळजवळ सगळ्या व्हायोलिनांची नेक एकोणिसाव्या शतकात बदलली गेली किंवा लांबवली गेली, कारण सभागृहे मोठी झाली आणि संगीत बदलले. ऑक्सफर्डच्या अ‍ॅशमोलियन संग्रहालयातले १७१६ चे ‘मसाया’ हे व्हायोलिन जवळजवळ न वाजवलेले म्हणून जगप्रसिद्ध आहे, पण त्याचीही नेक लांबवलेली आहे. ही वाद्ये दुरुस्त होत राहिली, म्हणूनच आज ती मैफलीत ऐकता येतात.

आता दुसरी बाजू. ती कमकुवत समजण्याची चूक करू नये. सगळ्यांनी सगळी व्हायोलिने बदलून टाकल्यामुळेच स्ट्राडिवारीच्या हातून वाद्य कसे बाहेर पडत होते हे समजायला आज मोजक्याच खुणा उरल्या आहेत. फ्लॉरेन्सला मेदिची घराण्यासाठी १६९० साली त्याने केलेला एक मोठा व्हायोला आहे, त्याची नेक आणि फिंगरबोर्ड मूळचे राहिले. तो एक नमुना अभ्यासकांना जे सांगतो ते सुधारलेली शंभर वाद्ये सांगू शकत नाहीत. मँडोलिनच्या बाबतीत आपण आज त्या वळणावर उभे आहोत. १९१० किंवा १९२० मधला फ्रेट किती रुंद होता, त्याची टोके कशी घासली होती, तो खाचेत किती घट्ट बसवला होता, हे त्या कारखान्यातल्या हाताचे पुरावे आहेत. एकदा उपटून भंगारात टाकले की ते गेले.

शिवाय उपटणे हेच मुळात नाजूक काम आहे. फ्रेटचा छेद इंग्रजी टी अक्षरासारखा असतो: वर गोल माथा, खाली लाकडाच्या खाचेत रुतलेले पाते, आणि पात्याच्या दोन्ही बाजूंना बारीक दाते. खाच जेमतेम ०.६ मिलिमीटरची. शंभर वर्षांत लाकूड त्या दात्यांभोवती आवळून बसलेले असते. फिंगरबोर्ड आबनुसाचा असेल तर तो कठीण असतो आणि तितकाच ठिसूळ. पक्कड लावून जोराने ओढले की फ्रेटबरोबर खाचेच्या कडेच्या कपच्या उडतात. चांगला कारागीर सोल्डरिंग आयर्नने फ्रेट एका टोकापासून तापवत नेतो, थेंबभर पाणी सोडून वाफ होऊ देतो, तोंड सपाट घासलेल्या पकडीने तो ओढण्याऐवजी चिमटीत घेत-घेत वर उचलतो, आणि तरीही एखादी कपची उडालीच तर ती तिथल्या तिथे चिकटवून पुढे सरकतो. घाईने केलेल्या कामात या कपच्या झाडून टाकलेल्या असतात आणि खड्डे फेविक्विक व लाकडाच्या भुशाने बुजवलेले असतात. असे फिंगरबोर्ड मी पाहिले आहेत. त्या जखमा कधीच झाकल्या जात नाहीत.

त्याहून गंभीर गोष्ट नेकची आहे, आणि फ्रेटच्या चर्चेत ती बहुतेक वेळा राहून जाते. १९२० च्या दशकाच्या सुरुवातीला गिब्सनने नेकच्या आत घट्ट-सैल करता येणारा लोखंडी रॉड घालायला सुरुवात केली. त्याआधीच्या मँडोलिनांना हा रॉड नाही. नेक सरळ ठेवण्याचे काम लाकूड आणि फ्रेट मिळूनच करतात. समजा नव्या फ्रेटचे पाते प्रत्येक खाचेपेक्षा ०.०५ मिलिमीटर जाड आहे. वीस खाचांत मिळून एक मिलिमीटर होतो. लाकूड त्यातले बरेच पोटात घेते, पण उरलेला रेटा फिंगरबोर्डला लांब करू पाहतो आणि नेक मागे वाकते. खालच्या फ्रेटवर तारा घासू लागतात. उलट पाते सैल असेल तर तारांच्या ताणाने नेक पुढे झुकते, तारा उंच होतात आणि बोटे दुखू लागतात. रॉड असता तर किल्ली फिरवून हे सावरता आले असते. रॉड नसलेल्या वाद्यात पात्याची जाडी निवडणे हीच नेक सरळ करण्याची कला आहे. ती जाणणाऱ्याच्या हाती वाद्य गेले तर वाकलेली नेकसुद्धा सरळ होऊन परत येते. न जाणणाऱ्याच्या हाती गेले तर चकचकीत फ्रेटचे पण वाजवता न येणारे वाद्य परत येते, आणि मग ते सपाट करण्यासाठी फिंगरबोर्डच रंधला जातो. आबनुसाचा तो थर पुन्हा येत नाही.

या एका मुद्द्यामुळे माझा कल असा झाला आहे की फ्रेट बदलायचे की नाही याच्या आधी ते कोण बदलणार हे ठरवावे. सतार-तंबोऱ्यासाठी मिरजेसारखी पिढ्यान्‌पिढ्यांची कारागिरी आपल्याकडे आहे. गिटारचे फ्रेट बदलणारे कारागीरही मोठ्या शहरांत मिळतात. पण गिटारवर हात बसलेला माणूस मँडोलिनवर सहज उतरतो असे नाही. इथे फ्रेट बारीक, जागा कमी आणि ताण जास्त. कारागिराला थेट विचारावे: रॉड नसलेल्या नेकचे काम केले आहे का, आणि पात्याची जाडी कशी ठरवता? उत्तर गोलमोल आले तर वाद्य घरी आणावे.

बिल मन्रो यांच्या मँडोलिनचे उदाहरण यात डोळ्यांपुढे ठेवण्यासारखे आहे. ब्लूग्रास संगीताचे जनक म्हणून ओळखले जाणारे मन्रो यांनी १९४० च्या दशकात फ्लोरिडातल्या एका न्हाव्याच्या दुकानात विकायला ठेवलेले गिब्सन एफ-५ मँडोलिन दीडशे डॉलरला घेतले. त्याच्या आतल्या कागदावर लॉइड लोअर यांची सही आणि ९ जुलै १९२३ ही तारीख होती. व्हायोलिनसारखी एफ आकाराची छिद्रे असलेले हे एफ-५ मॉडेल लोअर यांच्या देखरेखीखाली १९२२ मध्ये आले आणि लोअर १९२४ च्या अखेरीस कंपनी सोडून गेले. त्यांच्या सहीची वाद्ये त्यामुळे थोडीच आहेत आणि आज त्यांची किंमत लाख डॉलरच्या पुढे जाते. मन्रो यांनी ते वाद्य जपून कपाटात ठेवले नाही. रोज वाजवून त्याची झीज केली आणि १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला नेकसह बऱ्याच कामांसाठी ते कंपनीकडे पाठवले. सांगितलेली सगळी कामे झाली नाहीत म्हणून ते इतके संतापले की माथ्यावरचे ‘गिब्सन’ हे नावच त्यांनी खरवडून काढले. पुढे १९८५ मध्ये कोणी तरी त्यांच्या घरात घुसून हे वाद्य शेगडीच्या लोखंडी सळईने फोडले. गिब्सनमधल्या चार्ली डेरिंग्टन यांनी तुकडे जुळवून ते उभे केले आणि १९९६ मध्ये मरेपर्यंत मन्रो ते वाजवत राहिले. संग्राहकाच्या काटेकोर नजरेने पाहिले तर हे वाद्य पुरते डागाळलेले. तरीही त्याला अमेरिकी संगीताच्या इतिहासात जे स्थान आहे ते पेटीत अस्पर्श राहिलेल्या कोणत्याही एफ-५ ला नाही. वाजत राहण्याच्या बाजूने याहून मोठा दाखला मला माहीत नाही. पण त्याच सहीचे, मूळ फ्रेट अजून शाबूत असलेले वाद्य आज कोणाकडे असेल, तर मन्रो यांचा दाखला देऊन त्याला पक्कड लावण्याची परवानगी मी देणार नाही. ते वाद्य आता पुरावाही आहे.

आपल्या संगीतामुळे एक वेगळा मोह उभा राहतो, त्याबद्दल थोडे सविस्तर लिहायला हवे. मुंबईत मँडोलिन रुजले ते चित्रपटांच्या रेकॉर्डिंगमुळे. लक्ष्मीकांत-प्यारेलाल जोडीतले लक्ष्मीकांत कुडाळकर संगीतकार होण्याआधी मँडोलिनवादक होते. सज्जाद हुसेन यांनी तर या वाद्यावर रागदारी वाजवली, मींड काढली. दक्षिणेत यू. श्रीनिवास यांनी दुहेरी तारांच्या जोड्या सोडून पाच एकेरी तारांचे इलेक्ट्रिक मँडोलिन घेतले आणि त्यावर कर्नाटक संगीतातले गमक उभे केले. मींड आणि गमकासाठी तार फ्रेटवर आडवी ओढावी लागते. फ्रेट उंच आणि रुंद असेल तर बोटाला पकड मिळते. जुन्या मँडोलिनचे फ्रेट मात्र बुटके. आजची सर्रास मिळणारी मँडोलिनची फ्रेटची तारसुद्धा सुमारे १.३५ मिलिमीटर रुंद आणि ०.९४ मिलिमीटर उंच, तर मध्यम मापाच्या गिटारच्या फ्रेटची रुंदी २ मिलिमीटरच्या आसपास. म्हणून हिंदुस्थानी अंगाने वाजवणारा वादक सहज म्हणतो, बदलतोच आहोत तर जाड बसवू.

हा मोह आवरावा, असे मला ठामपणे वाटते. विसाव्या फ्रेटपाशी दोन फ्रेटमधले अंतर जेमतेम सहा मिलिमीटर उरते. त्यात दोन मिलिमीटरचा फ्रेट बसवला की बोटाला जागा राहत नाही. जाड फ्रेटमुळे ब्रिज आणि नटची उंची बदलावी लागते, म्हणजे एका बदलातून तीन बदल होतात. सपाट फिंगरबोर्ड घासून त्याला आजच्या पद्धतीचा बाक देणे, हाही त्याच वाटेवरचा पुढचा टप्पा. मींडेसाठी वाद्य हवे असेल तर नवे करून घ्यावे. श्रीनिवास यांनीही आपल्या संगीताला हवे तसे वाद्य घेतले. शंभर वर्षांच्या वाद्याला आपल्या सवयीप्रमाणे कापू नये. एफ-५ च्या फिंगरबोर्डचे टोक ध्वनिपेटीवर पुढे आलेले असते, त्यावर नखी आपटते म्हणून ते फ्रेटसकट कापून किंवा खरवडून टाकण्याची पद्धत पडली आहे. नव्या वाद्यावर हवे ते करा. जुन्यावर आधी हाताची ठेवण बदलून पाहा.

बदलणे आणि न बदलणे यांच्यामध्ये बरीच मोकळी जागा आहे, आणि बहुतेक वाद्यांचे भागते ते तिथेच. फ्रेटमध्ये पुरेशी उंची शिल्लक असेल तर सगळे फ्रेट एका पातळीत घासून कानसीने त्यांचा गोलवा परत आणता येतो. यात धातू थोडा जातो, लाकडाला हात लागत नाही. हे एकदा-दोनदा करता येते. फ्रेटची उंची अर्ध्या मिलिमीटरच्या खाली गेली की बोट आधी लाकडाला टेकते, तार नीट दाबली जात नाही आणि स्वर खरखरतो. मग घासण्यात अर्थ नाही. तेव्हाही पहिले पाच-सात फ्रेट तेवढे बदलून वरचे मूळचे ठेवता येतात. याला विरोध करणारे म्हणतात की अर्धे नवे, अर्धे जुने असे वाद्य एकसारखे लागत नाही. कारागिराने नवे फ्रेट जुन्यांच्या उंचीला आणले तर लागते. मेहनत जास्त पडते, म्हणून काहींना ते नको असते, एवढेच.

धातूबद्दल फार बोलायची गरज नाही. स्टेनलेस स्टील वर्षानुवर्षे झिजत नाही, पण ते इतके कठीण की घासताना भोवतालच्या जुन्या लाकडाला आणि कडेच्या बाइंडिंगला इजा होण्याची भीती असते. तांबे, कथील, लोखंड आणि टायटॅनियम यांचा ईव्हीओ नावाचा सोनेरी मिश्रधातू कठीणपणात जर्मन सिल्व्हर आणि स्टेनलेस स्टील यांच्या मधला. निकेलची अ‍ॅलर्जी असणाऱ्यांना तो सोयीचा. जुन्या वाद्यावर मात्र जर्मन सिल्व्हरच शोभतो आणि पुढच्या कारागिरालाही तो सहज काढता येतो.

इटलीकडच्या मँडोलिनांचा विचार वेगळा करावा लागतो. नेपल्सच्या पास्क्वाले विनाचिया यांनी १८३५ च्या सुमारास पोलादी तारांचे मँडोलिन रुळवले. त्या परंपरेतल्या गोल पाठीच्या जुन्या वाद्यांवर बऱ्याचदा टी आकाराचे फ्रेट नसून सरळ पट्टीचे असतात. अमेरिकेत मार्टिन कंपनीनेही १९३४ च्या सुमारापर्यंत अशाच पट्ट्या वापरल्या. त्यांची खाच रुंद असते. तिथे आजचे फ्रेट बसवायचे तर आधी खाच लाकडाने भरून पुन्हा कापावी लागते, आणि ते काम उलटवता येत नाही. पट्टीच्या जागी पट्टीच बसवावी. ती बनवणारा कारागीर मिळेपर्यंत थांबावे.

राहिला बाजारभावाचा प्रश्न. जुन्या वाद्यांच्या व्यापारात पॉलिश पुन्हा केलेल्या वाद्याची किंमत निम्म्यावर येते असा ढोबळ हिशेब सांगितला जातो. फ्रेटचे तसे नाही. मूळच्याच मापाचे, नीट बसवलेले फ्रेट सामान्य देखभालीत धरले जातात आणि वाजणारे वाद्य न वाजणाऱ्यापेक्षा लवकर खपते. उडालेल्या कपच्या आणि रंधलेला फिंगरबोर्ड मात्र जाणकार गिऱ्हाइकाला लगेच दिसतो. तेव्हा किमतीची काळजी असणाऱ्यानेही फ्रेटला घाबरू नये, वाईट कामाला घाबरावे.

सगळे तोलून माझे मत असे झाले आहे. घरात आजोबांचे, काकांचे, कोणा रेकॉर्डिंगवाल्या वादकाकडून आलेले मँडोलिन असेल आणि ते वाजवायचे असेल, तर आधी फ्रेट घासून पाहावेत. भागले नाही तर खालचे बदलावेत. तेही पुरले नाही तर सगळे बदलावेत, पण मूळच्याच रुंदी-उंचीचे. लोअर यांची सही असलेले किंवा मूळ फ्रेट जवळजवळ न झिजलेले दुर्मीळ वाद्य असेल तर त्याला हात लावू नये. ते हलक्या हाताने, कधीतरी वाजवावे आणि रोजच्या रियाजाला दुसरे घ्यावे.

काम भर पावसाळ्यात करू नये. जुलै-ऑगस्टच्या मुंबई-कोकणच्या हवेत लाकूड फुगलेले असते. तेव्हा बरोबर कापलेली फ्रेटची टोके जानेवारीत लाकूड आक्रसले की बाहेर येतात आणि बोटे सोलतात. दिवाळीनंतर हवा कोरडी झाली की वाद्य कारागिराकडे न्यावे. काम सुरू होण्याआधी प्रत्येक फ्रेटचा जवळून फोटो काढावा, त्याची रुंदी आणि उंची लिहून ठेवावी. काढलेले फ्रेट कारागिराकडून मागून घ्यावेत, क्रमांक घालून पाकिटात भरावेत, आणि काम कोणी, कधी, कोणत्या मापाच्या तारेने केले याची चिठ्ठी त्याच पाकिटात घालून ते वाद्याच्या पेटीतच ठेवावे. वाद्य विकले किंवा कोणाला दिले तर पाकीटही त्याबरोबर द्यावे.